अख्ख्या घराला एकच पासवर्ड

*“ताई, नमस्कार. घरात आम्ही पाच जण. मी, नवरा, सासूबाई, १६ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. पहिला स्मार्टफोन आला तेव्हा नवऱ्यानं स्वतःचं गूगल अकाउंट काढलं. पुढे जो फोन आला, टॅब आला, टीव्ही आला, त्यात तेच टाकत गेलो. एकच पासवर्ड लक्षात ठेवायचा म्हणून. गेल्या वर्षी मी आयफोन घेतला, त्यातही फोटोंसाठी तेच. १८ दिवसांपूर्वी सासूबाईंच्या फोनवर जागा संपल्याचा मेसेज आला. त्यांनी नातवाला सांगितलं, त्यानं फोटोंच्या ॲपमधले जुने फोटो निवडून उडवले. दुसऱ्या दिवशी कळलं की ते सगळ्यांच्याच फोनमधून गेलेत. मुलांच्या लहानपणाची सहा वर्षं होती हो त्यात. मुलगा म्हणतो, मी आणखी कशाला हात लावला नाही. सासूबाई तर तेव्हापासून फोनच उचलत नाहीत, ‘माझ्यामुळे गेलं’ म्हणतात. नवरा म्हणतो, मोठा प्लॅन घेऊ, म्हणजे पुन्हा असं होणार नाही. घ्यावा का? आणि फोटो सगळ्यांना दिसतील पण कुणाच्या हातून जाणार नाहीत, असं काही करता येतं का?”*

बाकीचं उत्तर नंतर वाचा, आधी एक काम करा. मिस्टरांचा फोन घ्या, गूगल फोटोज उघडा आणि त्यातला ‘ट्रॅश’ शोधा. काही फोनवर त्याला ‘बिन’ म्हणतात. अकाउंटवर चढलेला, म्हणजे नेटवरून गूगलकडे साठवला गेलेला फोटो उडवला की तो तिथे ६० दिवस पडून असतो. तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हा १८ दिवस झाले होते, म्हणजे ४२ उरले होते. जे फोटो अकाउंटवर चढलेच नव्हते, नुसते सासूबाईंच्या फोनवर होते, त्यांना मात्र ३०च दिवस मिळतात आणि ते त्यांच्याच फोनच्या ट्रॅशमध्ये सापडतील. म्हणून तो फोनही बघा. फोटो निवडा आणि ‘रिस्टोअर’ दाबा. ते आपापल्या तारखेला, आपापल्या अल्बममध्ये परत जाऊन बसतील. हजारो असतील तर वेळ लागेल. तोवर ट्रॅश रिकामा करण्याच्या बटणाच्या वाटेला कुणालाही जाऊ देऊ नका.

तुमचा मुलगा खरं सांगत असणार, असं मला वाटतं. पण समजा, ट्रॅश रिकामा निघालाच, तर घरातले जुने फोन बाहेर काढा. खणात पडलेला, स्क्रीन फुटलेला, बॅटरी न टिकणारा, कुठलाही. त्यातलं सिम आधीच काढून ठेवा आणि सुरू करताना घरचं वायफाय बंद ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे. असा फोन नेटला जोडला की तो अकाउंटशी जुळवून घ्यायला जातो, आणि तिथे उडवलेले फोटो त्याच्यातूनही जाऊ शकतात. नेट बंद ठेवून, केबल लावून, फोटो आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. एखाद्या जुन्या मेमरी कार्डात, नातेवाइकांना पाठवलेल्या व्हॉट्सॲपच्या चॅटमध्येही बरंच सापडतं.

आता सासूबाईंना एवढं वाचून दाखवा. काकू, तुमच्यामुळे काहीही गेलेलं नाही. फोननं जागा मागितली, तुम्ही ती करून घेतली. या फोनमध्ये दिसणारे फोटो म्हणजेच मुलाच्या फोनमधले फोटो, त्यांची निराळी प्रत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या नातवालाही नाही. घडी बसवणाऱ्यांकडून राहून गेलेली गोष्ट तुम्ही दोघांनी अंगावर घेऊ नका.

ताई, आता मोठ्या प्लॅनचं. आज घेऊ नका. ‘जागा संपली’ हा मेसेज दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो आणि घरोघरी गोंधळ होतो तो इथेच. एक जागा फोनची स्वतःची. ती भरली की कॅमेरा चालेनासा होतो, ॲप अपडेट होत नाहीत. दुसरी अकाउंटची. गूगलच्या प्रत्येक अकाउंटला १५ जीबी मोफत मिळते आणि तीत जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज असं तिन्ही बसवायचं असतं. अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्यातच मोजतात. ही जागा भरली की नवे फोटो चढणं थांबतं आणि पुढे मेल येणंही बंद होतं. सासूबाईंचा फोन भरला होता तो पहिल्या अर्थानं. अकाउंटची जागा दुप्पट केली तरी हातातला फोन काही रिकामा होत नाही, आणि त्यातला फोटो उडवला की तो सगळीकडून जायचा तो जाणारच.

याचं कारण असं की गूगल फोटोज काय किंवा ॲपलचं आयक्लाउड काय, सगळ्या फोनवर एकच संग्रह दाखवतात. आपण त्याला सवयीनं बॅकअप म्हणतो, पण तो आरशासारखा वागतो. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. फक्त फोनमधली जागा हवी असेल तर गूगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ नावाचं वेगळं बटण आहे. ते अकाउंटवर पोचलेले फोटो तेवढे फोनवरून काढतं, अकाउंटवरचे जागच्या जागी राहतात. आयफोनच्या आयक्लाउडमध्ये ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ सुरू केलं की फोन मूळ मोठे फोटो वर ठेवतो आणि आपल्याकडे छोट्या प्रती ठेवतो. हे दोन पर्याय घरातल्या प्रत्येकाला हातात फोन देऊन दाखवा. तुमच्या मुलाला तर आधी दाखवा आणि पुढच्या वेळी आजीच्या फोनवर त्यालाच करू द्या. हे काम त्याच्याकडून काढून घेऊ नका.

आता तुमचा खरा प्रश्न. सगळ्यांना दिसेल पण कुणाच्या हातून जाणार नाही, असं नक्की करता येतं. त्यासाठी प्रत्येकाचं अकाउंट वेगळं हवं आणि फोटो वाटून घ्यायचे ते अल्बमच्या वाटेनं. पासवर्ड वाटायचा नाही. याबाबतीत मी आग्रही आहे, आणि फोटो हे त्याचं एकच कारण नाही. आज तुमच्या घरात सोळा वर्षांच्या मुलीनं काय शोधलं, सासूबाईंनी कुठला व्हिडिओ पाहिला, तुम्हाला कुणाचा मेल आला, हे सगळं एकाच नावाखाली साठतंय. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नसेल. तरीही मुलीला तिचा कप्पा हवा आणि तुम्हालाही हवा.

जुनं अकाउंट मिस्टरांकडेच राहू द्या. बाकी चौघांची नवी काढा. तुमच्या मुलाचं वय १३च्या आत आहे, त्यामुळे त्याचं अकाउंट आईवडिलांच्या अकाउंटवरून, फॅमिली लिंक या मुलांच्या अकाउंटवर देखरेख ठेवणाऱ्या गूगलच्या ॲपमधून काढावं लागेल. ही वयोमर्यादा काही देशांत जास्त आहे, पण नऊ वर्षांच्या मुलासाठी सगळीकडे रस्ता हाच. मुलाची जन्मतारीख खोटी टाकून अकाउंट काढून देऊ नका. पुढे कधी अकाउंट अडकलं तर ते तुमचं आहे हे सिद्ध करताना ती तारीखच आडवी येते.

वेगळं होताना क्रम चुकवू नका. नवं अकाउंट फोनमध्ये जुन्याच्या शेजारी जोडा, जुनं काढू नका. मग कॉन्टॅक्ट्सच्या ॲपमधून सगळे नंबर ‘एक्सपोर्ट’ करून एका फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल नव्या अकाउंटमध्ये ‘इम्पोर्ट’ करा. हे आधी केलं नाही तर जुनं अकाउंट काढताच सासूबाईंच्या फोनमधले निम्मे नंबर गायब होतील, आणि नुकत्याच घाबरलेल्या माणसाला हा दुसरा धक्का अजिबात नको. त्यानंतर व्हॉट्सॲपच्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन तिथलं अकाउंट बदला आणि एक ताजा बॅकअप घ्या. मग गूगल फोटोजमध्ये वर उजवीकडे गोलातल्या चित्रावर बोट ठेवून नव्या अकाउंटवर या आणि बॅकअप सुरू करा. फोनवरचे फोटो चढायला कधी एखादी रात्र लागते, कधी तीन-चार दिवस. आयफोनवर ॲप अधूनमधून उघडं ठेवावं लागतं, कारण मागे पडलेल्या ॲपला तो फोन फार काळ काम करू देत नाही. हे सगळं पार पडल्यावरच जुनं अकाउंट फोनमधून ‘रिमूव्ह’ करा. इथला शब्द नीट वाचून मगच बोट ठेवा. फोनमधून काढणं वेगळं आणि अकाउंटच डिलीट करणं वेगळं.

एका दिवसात एकच फोन घ्या. सासूबाईंचा सगळ्यात शेवटी घ्या, तोवर तुमचा हात बसलेला असेल.

मिस्टरांच्या अकाउंटवरचे जुने फोटो हलवायच्या भानगडीत पडू नका. ते तिथेच राहू द्या आणि तिथून वाटा. तुम्हा दोघांसाठी गूगल फोटोजमध्ये ‘पार्टनर शेअरिंग’ आहे. त्यात सगळे फोटो देता येतात, ठरावीक तारखेपासूनचे देता येतात, किंवा फक्त ठरावीक चेहऱ्यांचे, म्हणजे समजा दोन मुलांचे. समोरून आलेले फोटो तुम्ही स्वतःच्या अकाउंटवर ‘सेव्ह’ केलेत की ती तुमची स्वतःची प्रत झाली. मग मिस्टरांकडून उद्या एखादा उडाला तरी तुमचा राहतो. जागा मात्र तुमच्या वाट्याची जाते. दोन ठिकाणी दोन प्रती हव्यात म्हणून मुलांच्या फोटोंपुरता मी हा खर्च आनंदानं करेन.

घरच्या सगळ्यांसाठी एक सामायिक अल्बम काढा. त्यात पाचही जणांना नावानं बोलवा आणि सगळ्यांना फोटो टाकायची परवानगी द्या. लिंकवरून शेअर करणं बंद ठेवा. लिंक चालू असेल तर ती ज्याच्या हाती पडेल त्याला अल्बम उघडतो, आणि मुलांचे फोटो असे मोकळे सोडू नयेत. या अल्बममध्ये ज्याचा फोटो त्याचीच मालकी राहते. सासूबाईंच्या फोनवर अल्बममधून चुकून काही निघालं तर ते अल्बमपुरतं. तुमच्या संग्रहातला तुमचा मूळ फोटो त्यांच्या हातून पुसला जाऊच शकत नाही. तुम्ही विचारलं होतं ते हेच ना?

आतापर्यंत तुम्ही फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवत असाल. बघून आनंद घ्यायला ते ठीक आहे, साठवायला नाही. तिथे फोटो दाबून लहान केला जातो, आणि तो कधी, कुठे काढला ही आतली नोंदही वाटेत गळून पडते. मग दहा वर्षांपूर्वीचा फोटो आजच्या तारखेखाली जाऊन बसतो आणि पुन्हा सापडत नाही. मूळ दर्जाचा पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ॲपलचे सामायिक अल्बम तुम्हाला कुणी सुचवतील. ते छान आहेत आणि आयक्लाउडची जागाही खात नाहीत, पण तेही फोटो लहान करतात, लांब बाजू २,०४८ पिक्सेलपर्यंत आणतात. शिवाय तुमच्या घरात आयफोन एकटा तुमचा. ॲपलची मोफत जागा ५ जीबी आहे, तेवढीत तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि नोट्स राहू द्या. फोटोंचं घर सगळ्यांचं मिळून गूगलवर असू द्या. आयफोनवर गूगल फोटोजमधून काही डिलीट करायला गेलात तर फोन परवानगी विचारतो, कारण तो फोटो आयफोनच्या स्वतःच्या संग्रहातूनही जाणार असतो. तिथे थांबून वाचा. चुकून गेलाच तर आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये फोटो सापडतो. तिथे प्रत्येक फोटोवर किती दिवस उरले तो आकडा लिहिलेला असतो.

हे झाल्यावर प्लॅन. पाच वेगळी अकाउंट झाली की प्रत्येकाला आपापली १५ जीबी मिळेल, आणि सासूबाईंना तर ती कित्येक वर्षं पुरेल. मिस्टरांची तरीही कमी पडली तर गूगल वनचा, म्हणजे पैसे भरून जादा जागा देणारा प्लॅन घ्या, पण कुटुंबात वाटता येणारा आहे ना हे पाहून. एकानं घेतला की आणखी पाच जणांना चालतो, म्हणजे तुम्ही त्यात आरामात बसता. प्लॅन वाटून घ्यायला गूगलवर कुटुंबाचा गट बनवावा लागतो. त्या गटात असलं की एकमेकांचे फोटो दिसतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. कुणी किती जागा वापरली एवढंच दिसतं. तुमच्या मुलीला हे स्वतः सांगा, तिच्यासमोर उघडून दाखवा. गट विचार करून बनवा, कारण तो सोडून दुसऱ्यात जायचं तर १२ महिन्यांत एकदाच जाता येतं.

टीव्हीवर काही चालू नसताना फोटो फिरत राहतात, त्या सेटिंगमध्ये फक्त हा सामायिक अल्बम निवडा. एका पूर्ण अकाउंटचे फोटो लावले की पाहुण्यांसमोर एखाद्या दिवशी डॉक्टरांचा रिपोर्ट भिंतभर दिसतो.

आता पासवर्ड. एकच होता तेव्हा तो सगळ्यांच्या तोंडी होता, आता पाच होतील. एक वही करा आणि महत्त्वाची कागदपत्रं ठेवता तिथेच ती ठेवा. प्रत्येकाचं पान वेगळं. त्यावर मेल आयडी, पासवर्ड, रिकव्हरीला दिलेला फोन नंबर, आणि फोन हाताशी नसताना वापरायला गूगल देतं ते १० बॅकअप कोड. दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, सगळ्यांच्या अकाउंटला लावा, आणि सासूबाईंच्या रिकव्हरीसाठी नंबर तुमचा द्या. त्यांचा फोनच हरवला तर त्याच फोनवर येणारा कोड काय कामाचा?

वहीचा एवढा आग्रह धरण्यामागे माझ्या घरात घडलेली एक गोष्ट आहे. बाबा रोज सकाळी गच्चीत जाऊन रोपांचे फोटो काढायचे. नवीन पान फुटलं, कळी आली की लगेच फोन पुढे धरायचे, आणि काढताना श्वास रोखायचे, हात हलू नये म्हणून. ते गेल्यावर फोन माझ्याकडे आला. स्क्रीनचा पिन माहीत नव्हता, अकाउंट कुठलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि रिकव्हरीला दिलेला नंबर कधीच बंद पडलेला. सगळे उपाय करून झाले. तो फोन अजून माझ्या कपाटात आहे. एक पान लिहून ठेवलं असतं तर त्या दोन वर्षांच्या सकाळी आज माझ्याकडे असत्या. म्हणून सांगते, मिस्टरांच्या अकाउंटमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ उघडून तुमचं नाव घाला. ३, ६, १२ किंवा १८ महिने अकाउंट वापरलं गेलं नाही तर निवडलेल्या माणसाला त्यातला मजकूर मिळतो. तुमच्या आयफोनवर ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नावाची साधारण अशीच सोय आहे, ती माणूस गेल्यावर लागू होते, तिथे मिस्टरांचं किंवा मुलीचं नाव द्या. हा विषय काढायला जड जातो, मला कळतं. सगळे फोन मांडून बसलाच आहात तेव्हाच उरकून टाका. आणि गूगल दोन वर्षं अजिबात न वापरलेलं अकाउंट काढून टाकू शकतं, तेव्हा सासूबाईंचा फोन असाच पडून राहणं तसंही बरं नाही.

वर्षातून दोनदा फोटोंची एक प्रत एक्सटर्नल हार्ड डिस्कवर उतरवा. गूगलचं ‘टेकआउट’ सगळा संग्रह झिप फाइलींमध्ये देतं. फाइली मोठ्या असतात, डाउनलोडची लिंक मेलवर येते आणि काही दिवसांनी बंद होते, म्हणून आली की लगेच उतरवून घ्या. उतरवल्यावर तीन-चार फोल्डर उघडून फोटो दिसतात का ते बघा, आणि मग डिस्क कॉम्प्युटरपासून सोडवून कपाटात ठेवा. ती कुठल्याच आरशाला जोडलेली नसते. घरात कुणी काहीही पुसलं तरी तिच्यातलं पुसलं जात नाही, आणि मला शांत झोप लागते ती तिच्यामुळे.

शेवटी सासूबाईंचा फोन. त्यांचं अकाउंट लागलं की फोटोंचं ॲप पहिल्या स्क्रीनवर, अंगठा सहज पोचेल अशा जागी आणा. मग फोन त्यांच्या हातात द्या आणि नातवाचा एक फोटो काढायला सांगा. तो त्यांनीच अल्बममध्ये टाकायचा, बाकीच्यांनी मध्ये बोट घालायचं नाही. चौघांच्या फोनवर तो आलेला त्यांना दाखवा. मग तुमच्या फोनवर काढलेला, गमावला तरी चालेल असा एक फोटो अल्बममध्ये टाका आणि तो त्यांना अल्बममधून काढता येतो का ते बघायला सांगा. तुमच्या फोनवर तो तसाच आहे हे त्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्या. जरूर तर दोनदा करा.

ट्रॅशमधून फोटो परत मिळाले की मला एक ओळ कळवा. काकूंनी त्यांच्या नव्या अकाउंटवरून लिहिली तर मला फार आनंद होईल.